गाईच्या कानावर घातलेलं

आजी-आजोबांचं भांडण नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गावाने तिखटमीठ लावून काय काय उठवलं होतं. आजी लग्न होऊन आली तेव्हा घरात वडीलधाऱ्यांची फौज होती आणि त्यांच्यादेखत नवऱ्याशी बोलायची तिची छाती नव्हती. पुढे वडीलधारे एकेक करून गेले, संकोच मात्र घरातच राहिला. मुलं झाली, मोठी झाली, पांगली. पण या दोघांनी एकमेकांना सरळ हाक मारली नाही ती नाहीच.

मग संसार चालला कसा? तर गाईमुळे.

त्यांची नात ठकी दर सुट्टीत तिथे असायची, तिने हे रोज पाहिलं. पहाटे आजोबा धार काढायला बसायचे आणि आजी शेणाची पाटी घेऊन मागे उभी राहायची.

"काळे, घरातलं मीठ संपलंय गं," आजी म्हणायची.

"काळे, आज बाजारात जाणारच आहे म्हणावं," आजोबा धार न थांबवता सांगायचे.

लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसलाच प्रकार. फक्त इथे लेकीच्या जागी गाय होती आणि ती आपली निवांत रवंथ करायची. कोण आजारी, कोणाचं लग्न जमलं, छप्पर कुठे गळतंय, सगळं तिच्या कानावर पडायचं. एकदा चुलीवर आजीचा हात भाजला, तेव्हा आजोबा गाईवरच खेकसले, "एवढी घाई कशाला करायची म्हणतो मी? चार दिवस भांडी तशीच पडली तर काय आभाळ कोसळणार आहे?" आणि स्वतःच घागर घेऊन विहिरीवर गेले. आजीशी इतक्या मायेने बोलणारं ठकीने दुसरं कोणी पाहिलं नाही.

काळी म्हातारी झाली, आटली. ठकीचे बाबा ठकीला न्यायला आले तेव्हा गोठ्यात डोकावून म्हणाले, "या वयात शेण काढत बसणार का? विकून टाकू." बाबा मनाने वाईट नव्हते. आईवडिलांचे कष्ट कमी व्हावेत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

संध्याकाळी आजी गोठ्यात आली. "काळे, तुला न्यायला निघालेत गं. घरच्या कर्त्याने एक शब्दही बोलू नये?"

आजोबा वैरण टाकत म्हणाले, "काळे, मुलगा काय माझ्या एकट्याचा आहे? आईने अडवावं की."

दोघांनीही मुलाला काही म्हटलं नाही. ठकीने मात्र बाबांना गाठलं.

"बाबा, गाय गेली तर आजी-आजोबा बोलणार कसे?"

"म्हणजे? एकमेकांशी बोलतील!"

"ते नाही बोलत."

"मग आता शिकतील," बाबा हसले. रात्री जेवताना त्यांनी हे सगळ्यांना रंगवून सांगितलं. आजी-आजोबाही हसले. ठकीला त्यांचाच जास्त राग आला.

काळी गेली. गोठ्यात सरपण रचलं. पुढच्या सुट्टीत ठकी आली तर आजोबा अळणी जेवण मुकाट्याने गिळत होते आणि आजी मिठाचा रिकामा डबा पालथा घालून बसली होती. मग ठकीच निरोप्या झाली. या खोलीतून त्या खोलीत तिच्या चकरा सुरू झाल्या आणि घर पुन्हा जरा बोलतं झालं. पण शाळा उघडल्यावर तिला जावंच लागलं. निघताना तिने दोघांना बजावलं, "बोला हं एकमेकांशी." दोघांनी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या.

थंडीत आजी गेली, भर दुपारी. सगळे धावत गावी आले. शेजारीण सांगत होती, सकाळी विहिरीवर आजी तिला म्हणाली होती, छातीत दुखतंय. घरी येऊन ती आतल्या खोलीत आडवी झाली. आजोबा बाहेरच्या खोलीत दोर वळत बसले होते. मधलं दार सताड उघडं होतं.

बाबांचा तोल गेला. "दोन खोल्यांचं घर! माझी आई आत तळमळत होती आणि तुम्हाला पत्ता नाही?"

ठकी आजोबांजवळ जाऊन बसली, तेव्हा तिचा हात धरून ते बाबांना म्हणाले, "गाय असती तर तिने गाईला सांगितलं असतं रे. मला ऐकू आलं असतं."