अक्काचा राग

‘हात नको लावू माले!’ असं म्हणून अक्का आधी माझा हात झटकायची आणि मगच स्टुलावर बसायची. जामनेरजवळच्या आरोग्य केंद्रात मी तेव्हा नर्स होते. दर बाजाराच्या दिवशी तिचा मुलगा तिला घेऊन यायचा. कधी पोट जळायचं, कधी छातीत धडधडायचं.

तेव्हाचे डॉक्टर मान वर न करता म्हणायचे, ‘वय झालं. ताकदीच्या गोळ्या द्या.’ त्या गोळ्या अक्का पायरीवरच फेकायची. ‘तुन्ही मायले दे!’ हे मला. रांगेतली माणसं हसायची. अशी एखादी म्हातारी तुमच्याही गल्लीत असेल. पुढे तिचा लळा लागतो, असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मला ती नजरेसमोर नको असायची.

मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी अक्काला झोपेचं विचारलं. मुलगाच म्हणाला, ‘घोरते की!’ जेवणाचं विचारलं. ‘नाटकं करते.’ बाईंनी त्याला बाहेर काढलं. तो उंबऱ्यातच रेंगाळला, तेव्हा मी दार लावून घेतलं.

‘अक्का, जेवण गोड लागतं?’

‘माती लागस.’

‘लग्नात गाणी म्हणायला जाता म्हणे?’

‘आते मन नई.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘जीव द्यावासा वाटतो का?’

आता ही हात उगारणार, असं मला वाटलं. अक्का तशीच खेकसली, ‘मयामानी हीर दखी ठेयेल शे! व्हयनं समाधान? लिखी ले!’

मळ्यातली विहीर तिनं पाहून ठेवली होती. तेही शिवी दिल्यासारखं सांगितलं.

बाईंनी मुलाला आत घेऊन सगळं सांगितलं. तो भडकला. ‘आईला वेडी ठरवता?’

‘वेडी नाही, मनानं आजारी आहे. पोट-छातीचं दुखणंही त्यातलंच. एकटी सोडायची नाही. आणि या नव्या गोळ्या तुम्ही स्वतः द्यायच्या,’ बाई म्हणाल्या. त्यानं टेबलावर हात आपटला. बाई हलल्या नाहीत. शेवटी गोळ्या खिशात कोंबून तो आईला घेऊन गेला.

महिन्या-दीड महिन्यात अक्का भाकरी खाऊ लागली. स्वभावानं गोड मात्र झाली नाही. ‘तुन्ही सुई बोथट शे, अन् अक्कल बी!’ मला म्हणाली. मी हसले, तर आणखी चिडली.

काही वर्षांनी मुलगा एकटाच आला, स्वतःचा खोकला घेऊन. अक्का थंडीत तापानं गेली होती.

‘शेवटपर्यंत शिव्याच देत होती,’ तो कुरकुरला.

‘जेवत होती ना?’

‘जेवायची. सुनेच्या भाजीला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायची.’

मी त्याला खोकल्याचं औषध दिलं आणि खिडकीतून, अक्का गोळ्या फेकायची त्या पायरीकडे बघितलं.