वरच्या मजल्यावरची कावीळ

म्हैसूरच्या गोकुलम भागातल्या आमच्या घराचा वरचा मजला आम्ही योग शिकायला येणाऱ्यांना भाड्यानं देतो. त्या वर्षी तिथं पोर्तुगालहून आलेली एक बाई राहत होती. पंचेचाळिशीची असेल. तिकडे लहान मुलांच्या शाळेत शिकवायची आणि लांब रजा घेऊन इथं आली होती. एकटी, कमी बोलणारी. पहाटे गुडघ्याला पट्टा बांधून योगशाळेत जायची, परत येताना नारळपाणी प्यायची आणि मग दिवसभर वाचत बसायची. दारू नाही, सिगारेट नाही. डोकं दुखलं तरी गोळी घ्यायची नाही.

माझ्या सासूबाईंना ती फार आवडायची. सासूबाई जन्मापासून म्हैसूरच्या. त्यांचं मराठी निम्मं कानडी. मी साताऱ्याची, मला ते नीट कळायला लग्नानंतर दोन वर्षं लागली होती. इंग्रजी त्यांना येत नाही आणि तिला ना कानडी येत होतं ना मराठी. तरी दोघी अंगणात बसून तासभर काहीतरी बोलायच्या. ती त्यांना अम्मा म्हणायची. तिचा गुडघा दुखतो हे कळल्यापासून सासूबाई रोज संध्याकाळी हळद घातलेल्या दुधाचा पेला घेऊन जिना चढायच्या. सत्तरीच्या पुढच्या, पण जिना नको म्हटलं तर ऐकायच्या नाहीत.

एका रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. वरची बाई आपल्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि दोन्ही हात कोपरापर्यंत खाजवत होती. मी विचारलं, डास का? ती म्हणाली, नाही, आठवडाभर नुसतं खाजतंय, जेवण जात नाही, आणि झोपून उठलं तरी दमल्यासारखं वाटतं. बोलताना तिनं मान वर केली आणि उन्हात मला तिचे डोळे दिसले. पांढरा भाग पिवळा होता. फिकट नाही, चांगला पिवळा.

"लघवीचा रंग कसा आहे?" मी विचारलं.

ती संकोचली. मग म्हणाली, "काळ्या चहासारखा."

मी कपडे तसेच बादलीत टाकून खाली आले आणि सासूबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अय्यो पाप, बिचारी! कावीळ ती. हास्पिटलला कशाला नेती? ह्याला नाटी औषध लागतं. सक्काळी उपाशीपोटी तीन दिवस घेतलं की आयतु, संपलं."

नाटी औषध म्हणजे गावठी औषध. नरसीपूरच्या रस्त्याला एका खेड्यात एक माणूस कसल्याशा मुळीचा रस देतो. माझ्या नवऱ्याला लहानपणी कावीळ झाली होती, तेव्हा त्याला तिथंच नेलं होतं आणि तो बरा झाला होता. सासूबाईंच्या दृष्टीनं विषय तिथंच मिटत होता. नवरा कामासाठी चेन्नईला गेला होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "दोन्ही करा की. रस पिऊन काय बिघडणार आहे?"

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. कुठल्या मुळीत काय असतं ते मला माहीत नव्हतं आणि म्हणूनच मला ते नको होतं. "आई, ती परक्या मुलखातली आहे," मी म्हटलं, "तिला काही झालं तर तिच्या घरच्यांना आपण काय सांगणार?" सासूबाई आत निघून गेल्या. मी रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलात यकृताच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, बारीक, हळू बोलणाऱ्या. रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. यकृताला इजा झाली की रक्तात जे वाढतं, त्याचा आकडा चाळीसच्या आसपास असायला हवा तो हजाराच्या वर गेला होता. डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं.

"बहुतेक पाण्यातून आलेला विषाणू असेल," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे तेच जास्त. पण बाकीचंही तपासू." मग त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं, "कुठलं औषध चालू आहे? तापाची, दुखण्याची गोळी? अँटिबायोटिक?"

"काहीच नाही. मी औषधं घेतच नाही," ती म्हणाली. जरा अभिमानानंच म्हणाली.

दोन दिवसांनी विषाणूंचे सगळे रिपोर्ट आले. एकही विषाणू नव्हता. शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटतं असा एक आजार असतो, त्याच्याही खुणा नव्हत्या. सोनोग्राफीत खडा नव्हता. आणि ती मात्र जास्तच पिवळी दिसायला लागली होती. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढत चालला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"हा आकडा मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "यकृत काम कमी करायला लागलं की हे होतं. अजून वाढला तर मी तिला बंगळूरला पाठवीन, जिथं यकृत बदलायची सोय आहे तिथं. तिचं जवळचं कोण आहे?"

तिची एक बहीण होती, तिकडे पोर्तुगालमध्ये. मी पहिल्यांदाच तिच्याशी फोनवर बोलले. तिला इंग्रजी बेताचं येत होतं आणि 'यकृत बदलणं' हा शब्द मला तिच्यासाठी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगावा लागला. समजल्यावर तिनं हॉस्पिटलचं नाव मला एकेक अक्षर करून सांगायला लावलं.

डॉक्टर रोज सकाळी येऊन तिला एक गोष्ट करायला लावायच्या. दोन्ही हात समोर धरा, पंजे वर करा, बोटं पसरा, तसंच थांबा. पंजे फडफडले तर यकृतातली घाण डोक्यापर्यंत पोचली असं समजायचं. ती डोळे मिटून हात धरायची आणि मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून तिच्या बोटांकडे बघत राहायचे.  एकदा तिचं एक बोट हललं. डॉक्टर वाकल्या, पुन्हा करायला लावलं. पंजे स्थिर राहिले. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेल्या आणि मी तशीच स्टुलावर बसले.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं, की कारण सापडत नाहीये आणि डॉक्टर विचारताहेत, हिनं काय खाल्लं, काय प्यायलं. त्या ताटात भात कालवत होत्या. त्यांचा हात थांबला. जेवण तसंच ठेवून त्या उठल्या. 

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी हॉस्पिटलात पोचले तर वॉर्डाच्या दाराशी सासूबाई उभ्या. एकट्या, पदर घट्ट आवळलेला, हातात कापडी पिशवी. पिशवीत काचेची बाटली होती आणि बाटलीत हिरवट रस. त्या भल्या सकाळी बस पकडून त्या खेड्यात जाऊन आल्या होत्या.

"आई, हे आत न्यायचं नाही."

"सुम्ने, गप ऱ्हा गं तू. एक घोट. कुणाला कळतंय?"

"तिचं यकृत आधीच चालत नाहीये. त्यात काय आहे ते तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"माझा पोरगा जगला ह्याच्यावर!"

त्या मला बाजूला सारून आत जायला लागल्या. मी त्यांचा दंड धरला. सासूबाईंना मी तसं कधी धरलं नव्हतं, त्यांनाही ते कळलं. परिचारिका वळून बघायला लागली.  मग सासूबाई एकदम भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "मीच केलं गं हे. रोज हळद दिली तिला. ती नको म्हणत नव्हती, मी देत गेले. हळदीनंच पिवळी झाली असेल तर?"

 पेला रोज वर जात होता हे मला माहीतच होतं, पण डॉक्टरांनी औषधांबद्दल विचारलं तेव्हा दूध माझ्या मनातही आलं नव्हतं. तेवढ्यात डॉक्टर फेरीसाठी आल्या. बाटली बघून थांबल्या. मी सांगायला तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी कानडीत सगळं सांगून टाकलं: रस, हळद, दूध, सगळं. न्यायाधीशासमोर उभं राहून सांगावं तसं.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "हळद किती घालत होतात?"

"अर्धा चमचा. लहान चमचा."

"घरची?"

"घरची. मिरी पण चिमूटभर."

 डॉक्टर वळून थेट पलंगापाशी गेल्या आणि तिला म्हणाल्या, "अम्मा म्हणतात तुम्ही रोज हळदीचं दूध घेत होतात. त्याशिवाय हळद आणखी कुठल्या रूपात घेत होतात का?"

ती ग्लानीत होती. हळूहळू म्हणाली, "कॅप्सूल. गुडघ्यासाठी."

"तुम्ही तर म्हणाला होतात काहीच घेत नाही."

"ते औषध नाही," ती म्हणाली. "नैसर्गिक आहे."

मी तशीच घरी गेले आणि तिच्या खोलीतून बाटली घेऊन आले. हिरव्या पानाचं चित्र असलेली, अर्ध्याहून रिकामी. हळदीतलं सत्त्व काढून दाट केलेलं, आणि ते अंगात जास्त शोषलं जावं म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेला. बाटलीवर लिहिलं होतं दिवसाला एक. तिनं सांगितलं, दोन महिने ती दोन-दोन घेत होती, गुडघा लवकर बरा व्हावा म्हणून.

डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि मला नीट समजावलं. स्वयंपाकातली हळद अंगात फारशी शोषलीच जात नाही. अशा कॅप्सूलमध्ये मुद्दाम उलटं केलेलं असतं, आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्या थोड्या माणसांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी बऱ्याच देशांत झाल्या आहेत. सगळ्यांना होत नाही. काहींच्या घडणीतच काहीतरी असं असतं की त्यांना होतं, आणि कोणाला होणार हे आधी कळत नाही. "गुडघ्याला फायदा होतो का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "थोडाफार आराम पडतो असं काही अभ्यासांत दिसतं. पण ते अभ्यास लहान आहेत. विकताना मात्र छातीठोक सांगतात."

"म्हणजे कारण सापडलं?"

"बाकी सगळं बाद झालंय, म्हणून हेच असावं. सिद्ध करणारी वेगळी तपासणी नसते. इथं आल्यापासून ते बंद आहेच, आता वाट बघायची. याला उतारा नाही."

ती वाट बघणं आधीपेक्षा अवघड होतं. कारण कळलं की माणूस बरं व्हायला लागेल असं मी धरून चालले होते. पण आकडे चढतच राहिले. बंगळूरच्या हॉस्पिटलशी बोलणं झालं, रुग्णवाहिकेचं ठरलं. बहिणीनं विमानाचं तिकीट काढलं. नवरा चेन्नईहून परतला. सासूबाई रोज माझ्याबरोबर येऊन तिच्या उशाशी बसायच्या, पण तिला हात लावायच्या नाहीत. जणू त्यांच्या हातातच काही होतं. रसाची बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं मोरीत ओतली होती. 

मग एका सकाळी डॉक्टर कागद हातात घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. रक्त गोठायचा वेळ वाढायचा थांबला होता. कमी झाला नव्हता, पण थांबला होता. "आज पाठवत नाही," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तो थोडा उतरला. त्याच्या पुढच्या दिवशी तिनं इडली मागितली. मी वॉर्डाच्या बाहेर जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आत आले.

सासूबाईंच्या मनात मात्र एक गोष्ट अडकून होती. डॉक्टर मोकळ्या दिसल्यावर त्यांनी विचारलं, "माझा मुलगा मग कसा वाचला? त्या रसानंच ना?"

डॉक्टर शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. "अम्मा, लहान मुलांची कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते. तुम्ही रस दिला नसता तरी तो बरा झाला असता. ज्यांना त्या रसानं अपाय झाला, ते माझ्याकडे येतात. ते त्या गावात परत सांगायला जात नाहीत."

सासूबाईंनी विचारलं, "आणि माझं दूध?"

"तुमच्या दुधावर मी बोट ठेवणार नाही. पण आता तिला नको. आणि तिनं हळदीची कॅप्सूल जन्मात परत घ्यायची नाही. काहीही घेत असेल, पाल्याचं, मुळीचं, जीवनसत्त्वाचं, तर डॉक्टरांना सांगायचं. विचारलं नाही तरी सांगायचं."

"जीवनसत्त्व पण?" मी विचारलं. माझ्या पर्समध्ये एक बाटली होतीच, मैत्रिणीनं दिलेली.

"कमी असेल त्याला जीवनसत्त्व म्हणजे औषधच. नुसतं बरं वाटावं म्हणून घेण्यात निरोगी माणसाला फारसं काही मिळत नाही, असंच बहुतेक संशोधन सांगतं. आधी तपासा, मग घ्या." त्यांनी सासूबाईंचं बी-ट्वेल्व्ह तपासायला सांगितलं, कारण त्या जन्मभर शाकाहारी आणि पायाला मुंग्या येतात म्हणत होत्या. ते खरंच कमी निघालं. त्यांना इंजेक्शनं सुरू झाली. त्याबद्दल त्यांनी कुरकुर केली नाही, पण प्रत्येक वेळी बाटलीवर काय लिहिलंय ते मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावायच्या.

बहीण येऊन पोचली तोपर्यंत तिला घरी आणलं होतं. जिना चढवत नव्हता म्हणून आम्ही तिला खालच्या खोलीत ठेवलं. बहीण उंच, गंभीर. पहिल्या दिवशी ती आमच्याशी जेमतेम बोलली. सासूबाईंकडे ती कशी बघत होती ते मी बघत होते, आणि हळदीच्या दुधाबद्दल तिला कुणी काय सांगितलंय हे मला ठाऊक नव्हतं. मग जेवताना तीच म्हणाली, "त्या कॅप्सूल मी पाठवल्या होत्या. वाढदिवसाला." आणि हातातला घास तिनं परत ताटात ठेवला. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा सासूबाईंनी ताट बाजूला केलं, उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दोघी महिनाभर राहिल्या. निघायच्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पिवळेपणाचा मागमूस नव्हता, पण दोन पावलं चालून ती फाटकाला धरून थांबली. सासूबाई तिला काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. ती मान हलवत होती, म्हणजे तिला कळत असावं. गाडी वळेपर्यंत आम्ही उभ्या होतो. मग सासूबाई म्हणाल्या, "चल आत, ऊन चढतंय," आणि आम्ही आत गेलो.