रिकामी गव्हाण

बॉयलरवाल्याचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. सहाला लाँड्रीतल्या बायका कामावर येत, तोवर वाफ तयार हवी. बोलणी खायची वेळ त्याने कधी येऊ दिली नाही.

असा माणूस सणालाही घाईच करायचा. तो प्रोटेस्टंट, बायको कॅथलिक. नाताळ दोन्हीकडचा व्हायचा: मध्यरात्रीची मिस्सा तिच्या चर्चमध्ये, सकाळची उपासना त्याच्या. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला तिने येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडला, आणि याने बाळ येशूची मूर्ती उचलून थेट गव्हाणीत ठेवली.

"अहो, जन्मायचाय अजून तो! मिस्सेपर्यंत गव्हाण रिकामी ठेवतात."

"जन्मणारच आहे ना? मग उद्याचं काम आज उरकलं."

तेव्हापासून गोठा मांडला की ती बाळ लपवायची. तो शोधून मुद्दाम गव्हाणीत ठेवायचा. ती कपाळाला हात लावून पुन्हा नवी जागा काढायची.

यंदा गोठा मांडून झाला, बाळ लपवून झालं, आणि आठवड्याच्या आत ती गेली. भांडी घासता घासता छातीत कळ आली, बस.

नाताळचं ठरवायला त्याची बहीण आली. "दादा, यंदा नुसती सकाळची उपासना करू. मिस्सा, गोठा, ते सगळं वहिनीचं होतं."

"म्हणूनच व्हायला हवं," तो म्हणाला. "बाळ तेवढं सापडत नाहीये."

बहिणीला मूर्तींचं वावडं. तरी गुडघे टेकून तिने पलंगाखाली हात घातला. त्याच्या मुलीने स्वयंपाकघरातले डबे उपसले. त्याने माळा पालथा घातला.

"जिंकलीस गं वहिनी," बहीण म्हणाली, आणि भिंतीला टेकून रडली.

मुलीने आईचं कपाट उघडलं. तो झटकन पुढे आला आणि दार लावून घेतलं.

"बाबा, तिथेच असेल."

"असू दे. तिने घातलेली घडी मोडायची नाही."

पगाराच्या दिवशी तो दुकानात गेला.

"नुसतं बाळ नाही मिळणार, काका. आईबापासकट घ्यावं लागेल."

त्याने घेतलं. बाळ खिशात ठेवलं; मरिया, योसेफ, मेंढरं खोक्यातच राहिली. घरी गव्हाणीपाशी त्याचा हात सवयीने खिशात गेला आणि तिथेच थांबला. आता अडवणारं कुणी नव्हतं.

महिनाभर बॉयलरसमोर भाजून मिळालेल्या पगारातून एवढंच आलं: एक बाळ, मिस्सेपर्यंत खिशात जपायला.