कार्डावरचं नाव

बाईंनी पुस्तक फुटपट्टीने माझ्याकडे सरकवलं. हाताने नाही. लाकडी फुटपट्टीने, मेलेलं झुरळ सरकवावं तसं.

दिल्लीत पहाडगंजातली आमची मराठी शाळा. मी सहावीत. आई त्याच शाळेत झाडू मारायची. वाचनालयाच्या या बाई इतक्या सोवळ्या, की मी समोर उभी राहिले तर वाराही गाळून घ्यायच्या.

पुस्तकाच्या शेवटच्या पानाला कागदी खिसा, खिशात कार्ड. पुस्तक नेणाऱ्याचं नाव त्यावर चढायचं. वर्गातल्या साऱ्या पोरींची नावं चढली. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"बाई, माझं नाव?"

"तुझं कशाला? इथेच वाच आणि ठेव." मग शेजारच्या बाईंकडे वळून, मला ऐकू जाईल अशा बेताने, "उद्या हे पुस्तक चांगल्या घरात जाईल. कार्डावर यांचं आडनाव बघून लोक काय म्हणतील?"

मी वाचलं. खिडकीखाली, फरशीवर बसून. शाळा सुटल्यावर आईचे बारा वर्ग झाडून होईपर्यंत. तीन वर्षांत चार कपाटं फस्त. वाळवी माझ्यावर जळायची, शपथ. पण वाळवीची निदान पानांवर खूण राहिली. माझी कुठेच नाही.

पुढे शिकले आणि त्याच खुर्चीत ग्रंथपाल होऊन बसले. फरीदाबादहून इतकी वर्षं ये-जा केली, की तेवढ्यात चंद्रावर जाऊन, चहा पिऊन परत आले असते. नवरा म्हणतो, "यार, तू लग्न माझ्याशी केलंस की कपाटाशी?" बिल्कुल कपाटाशी.

इथवर मी शूर वाटत असेन. थांबा.

पहिल्याच वर्षी शाळेचे कार्यवाह वाचनालयात आले. म्हणजे आधी त्यांचं पोट आलं, पाच मिनिटांनी ते स्वतः. हातात देणगीदारांच्या नातीने नेलेलं पुस्तक. कार्डावर तिच्या नावाच्या वर एक आडनाव. माझ्यासारखंच.

"कार्ड नवीन करा. एवढं नाव तेवढं गाळा. समजदार आहात."

केलं. हात थरथरला वगैरे सगळं झूठ. झोकदार अक्षरात केलं. मग दर वर्षी केलं. खुर्चीत बसलं की फरशी दिसत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी नव्या कार्डांवर रेघा आखत बसले होते. शाळेच्या सफाईवाल्या मावशींची पोर आली. सहावीतली. मागे नेलेलंच पुस्तक तिला पुन्हा हवं होतं. तिने आधी मागचा खिसा उघडला.

"बाई, इथे माझं नाव होतं ना?"

"कार्ड फाटलं होतं बेटा. नवीन केलं."

तिने कार्डावरून बोट फिरवलं. "अच्छा. मग बाकीच्यांची नावं कशी आली?"

मी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. खाली बघते तर हातात फुटपट्टी. तिच्याच टोकाने सरकवलं होतं.

पोरीने पुस्तक घेतलं नाही. गेली.

पुढच्या आठवड्यात कार्यवाह पुन्हा एक पुस्तक घेऊन आले.

"नाही करणार," मी म्हटलं.

"तुमची आई इथे झाडू मारायची. विसरलात?"

"विसरलेच होते."

मेमो आला. चौकशी बसली. बसू दे. काढून टाकलेली कार्डं मी फेकली नव्हती. ग्रंथपाल काही फेकत नाही. बिस्किटांच्या डब्यात होती. एकेक काढून परत खिशात घालतेय. ती जुनी चार कपाटंही उघडलीत. मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर माझं नाव लिहितेय, आडनावासकट.

ती पोर अजून वाचनालयात आलेली नाही. कदाचित येणारही नाही. तिची माफी मागून मोकळं व्हायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. खुर्ची घ्या, फरशी माझ्या ओळखीची आहे. पण यापुढे या शाळेत ज्याला कुणाचं नाव गाळायचं असेल, त्याने ते स्वतःच्या हाताने, माझ्या डोळ्यांसमोर गाळावं. माझा हात मिळणार नाही.