यादीतला ‘जितूना बाप’

आमच्या पहूरचा ललित सतरा वर्षांपासून जळगावात एका स्कॅन सेंटरवर टेक्निशियन आहे. माणसाला मशीनमध्ये झोपवायचं, आतले फोटो काढायचे, नावानिशी साठवायचे, एवढं त्याचं काम. फोटो राहत मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर. ते कपाटाएवढं यंत्र बारा महिने एसीत, नि ललित बारा महिने घामात.

नाव लिहिण्यात त्याची एक खोड होती. खेड्यातली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. पेशंटचं नाव विचारलं की पदर दातात धरून म्हणणार, "जितूना बाप." दुसरा असता तर त्यानं आधार कार्ड मागितलं असतं. ललित पडला आपल्याच बोलीचा, तो हसून तेच टाइप करायचा. गावात माणूस ओळखला जातो तो असाच.

गेल्या वर्षी सर्व्हर दोनदा बसला. सेंटरच्या मालकीण डॉक्टर नूतन मॅडम म्हणाल्या, "पुरे झालं. सगळं क्लाउडवर टाकू. फोटो लांबच्या कंपनीकडे राहतील, धुळ्याचा डॉक्टर मोबाइलवर बघेल."

"नेट गेलं तर, मॅडम? हे आपल्या हाताखाली तरी आहे."

"हाताखाली आहे म्हणूनच जळतंय. व्होल्टेज हललं की डिस्क गेलीच समज."

खोटं नव्हतं ते. फोटो चढायला अकरा दिवस लागले. क्लाउडला पूर्ण नाव नि जन्मसाल लागे. ज्यांचं नव्हतं अशा तीनशे बारा जणांची यादी बाजूला निघाली. मॅडम म्हणाल्या, एकेकाचं नाव रजिस्टरात शोध. ललितनं दोन दिवस शोधलं. बाहेर पेशंटची रांग. तिसऱ्या दिवशी त्यानं ‘वगळा’ दाबलं. जुनी माणसं, अर्धी मेलीही असतील. सर्व्हर पुसला नि भंगारात गेला.

दीड महिन्यानं पिंप्राळ्याहून बेबाबाई आली, नवरा झिपरू नि मुलगा जितेंद्र यांना घेऊन. झिपरूच्या छातीत डाग दिसला होता. धुळ्याच्या सर्जननं सांगितलं होतं, नऊ वर्षांपूर्वीचा स्कॅन आणा. डाग तेव्हाही एवढाच असेल तर हात लावत नाही. नसेल फोटो, तर बिडी ओढणारा माणूस, मी थांबणार नाही, कापीन.

"फिल्म दिली होती की तुम्हाला," ललित म्हणाला.

"ती पोऱ्हेस्नी कापी टाकी, गऱ्हन देखाले," बेबाबाई म्हणाली. ग्रहण बघायला पोरांनी फिल्मचे तुकडे केले होते. "पन तुम्हना डब्बामा शे ना बठ्ठं?"

"नाव काय सांगितलं होतं तेव्हा?"

बेबाबाईनं पदर दातात धरला. झिपरू खोकत हसला. "माले नको इचारू भाऊ. मी तवय बाहेर बिडी पी ऱ्हायंतू."

ललितनं ‘झिपरू’ टाकून पाहिलं. काही आलं नाही. तेव्हा टाइप केलेलं ‘जितूना बाप’ बोटांना त्याच्याआधी आठवलं होतं, नि ते वगळलेल्या यादीतलं होतं. "नेट हळू आहे, उद्या या," म्हणाला नि तडक पारसमल शेठच्या भंगाराच्या वखारीत गेला. डिस्का फोडून अ‍ॅल्युमिनियम कधीच रवाना झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, सापडत नाही. का, ते सांगितलं नाही.

धुळ्याला झिपरूची छाती उघडली, फुप्फुसाचा तुकडा काढला. तपासणीत निघाला जुन्या टीबीचा वाळलेला वण. कितीतरी वर्षांचा. कॅन्सर नाही म्हणून जितेंद्रनं सेंटरवर पेढे वाटले. ललितला दोन दिले. त्यानं दोन्ही खाल्ले.

तेव्हापासून तो भर दुपारी त्या रिकाम्या खोलीत जाऊन उभा राहतो. एसी काढलाय, तरी आत गार लागतं म्हणतो. आणखी तीनशे अकरा आहेत म्हणतो. तोंडं एकाचीही आठवत नाहीत, नुसत्या बरगड्या नि मणके रांगेत उभे राहतात. खेड्यातलं कुणी दारात आलं की आधी तो त्याच्या छातीकडे बघतो.

मागच्या महिन्यात झिपरू पुन्हा स्कॅनला आला. ललितनं काचेमागून माइकवर सांगितलं, "श्वास घ्या. धरून ठेवा." झिपरूचा श्वास चार आकड्यांतच सुटला. फोटो हलला. पुन्हा सांगितलं, पुन्हा हलला. तिसऱ्यांदा ललित आत गेला नि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा, थोडा जास्त धरा."

"कोठून धरू भाऊ," झिपरू छातीवरच्या टाक्यांच्या खुणेवर हात ठेवून म्हणाला, "इतलाच शे आते मनाजोडे."

ललितनं हललेला फोटो तसाच धुळ्याला पाठवला.