दादाच्या ट्रॅक्टरचा दांडा

मी आयुष्यभर फिटर होतो. कारखान्यातून निवृत्त होऊन भंडाऱ्यात राहायला आलो, पण हात अजून स्वस्थ बसत नाहीत. शेजाऱ्याचं दार करकरलं तरी मी तेलाची कुपी घेऊन उभा. बायको म्हणते, लग्नाच्या मांडवातही तुम्हाला माणसं कमी आणि नटबोल्ट जास्त दिसले असतील.

मृग लागायच्या आठ दिवस आधी आमच्या गावाहून, एकोडीहून, वहिनींचा फोन आला. दादाच्या छोट्या ट्रॅक्टरच्या लिफ्टचा दांडा ठरत नाही, घसरतो, मागचे फाळ आपोआप खाली पडतात, एखाद्या दिवशी कोणाचा तरी पाय जाईल, असं त्या सांगत होत्या. ते ऐकून मला मनातून बरंच वाटलं. मोठ्या भावाला माझी गरज पडल्याचे प्रसंग थोडे. दुसऱ्याच दिवशी हत्यारांची पिशवी भरून मी बसमध्ये बसलो.

हा ट्रॅक्टर बागेत चालवतात तसला, बुटका आणि जुना. आमच्याकडच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, लहान. मोठा ट्रॅक्टर आत शिरला की अर्धी बांधी वळण्यात जाते आणि धुरे, म्हणजे मधले बांध, फुटतात ते वेगळंच. त्यामुळे धान लावायच्या, रोवणीच्या दिवसांत चिखल करायला दादाच्या या खेळण्याला भारी मागणी. वीस-पंचवीस पावलं गेलं की धुरा येतो. डाव्या हातानं स्टिअरिंग फिरवायचं, उजव्या हातानं दांडा ओढून फाळ वर घ्यायचे, आणि वळलं की पुन्हा खाली सोडायचे. दिवसभर हेच.

दोन वर्षांपूर्वी दादाला लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू चालता झाला, दंडात जोर आला, पण पंजा काही उघडमीट करेना. डॉक्टरांनी मान हलवली. आम्ही सगळ्यांनी धरून चाललो की आता हा खाटेवर बसून राहणार. पण सुंभ जळाला तरी पीळ जातो थोडाच? पुढच्याच रोवणीला दादा ट्रॅक्टरवर बसला आणि त्यानं साऱ्या गावाचा चिखल करून दिला. गावातल्या बुद्ध विहारासमोरच्या ओट्यावर लोक त्याची वाट पाहत बसायचे, आज माझ्याकडे ये, उद्या त्याच्याकडे जा. एरवी घरात त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा वहिनी लावून द्यायच्या. ट्रॅक्टरवर मात्र त्याला कोणाची मदत लागत नव्हती. यंदाही त्याचा जीव त्या ट्रॅक्टरमध्येच अडकला होता, हे मला माहीत होतं. तो हे जमवतो कसं, ते मात्र मी कधी जवळ जाऊन पाहिलं नाही. लांबूनच कौतुक करत राहिलो.

घराच्या सपरीत, छपराखाली, ट्रॅक्टर उभा करून मी दांडा उघडला. बाब साधी होती. दांड्याच्या वरच्या टोकाला एक बटण असतं. अंगठ्यानं ते दाबलं की खाली दांडा अडवणारी खिटी उचलली जाते, दांडा मोकळा होतो, आणि बटण सोडलं की खिटी पुन्हा पट्टीच्या दात्यात बसते. या पट्टीचे दाते झिजून पार गुळगुळीत झाले होते. खिटीचं तोंड बोथट, स्प्रिंग मेलेली. दांडा ज्यात फिरतो तो खालचा बुश तर एवढा सैल की दांडा हलत्या दातासारखा हातात डुगडुगत होता. मला लाज वाटली. भाऊ फिटर आणि घरात असली मशीन.

दोन दिवस मी त्या दांड्याशी झुंजलो. साकोलीला जाऊन दात्यांवर वेल्डिंग चढवून आणलं, नवी स्प्रिंग आणली, पितळी बुश कातून घेतला. मग कानस घेऊन एकेक दाता चौकोनी काढला. दादा बाजूच्या खाटेवर बसून डाव्या हातानं मला पाने देत होता. कोणता पाना लागणार ते त्याला मागण्याआधी कळायचं. लहानपणानंतर आम्ही दोघं इतका वेळ एकत्र बसलो नव्हतो. मी बोलत होतो, कारखान्यातले साहेब, त्यांच्या चुका, माझी हुशारी. तो ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिटी दात्यात घालून मी त्याला दाखवली. केसाएवढी फट नव्हती. दादा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "थोडा ढिला राहू दे, बाबू."

मी हसलो. "ढिला ठेवाले मी फिटर झालो काय?"

तोही हसला आणि त्यानं मला कापड दिलं हात पुसायला.

संध्याकाळी ट्रॅक्टर घरामागच्या बांधीत नेला. मोटारीचं पाणी सोडून जमीन मऊ केली होती. वहिनी धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. पहिलं तास मीच मारलं. काय दांडा बसला होता! बटण दाबलं की लोण्यासारखा हलायचा, सोडलं की जागच्या जागी खट्ट. मी उतरलो आणि दादा चढला.

धुरा आला तसा त्यानं उजवा हात कोपरापासून दांड्याच्या मागे अडकवला आणि सगळं अंग मागे टाकलं. दांडा हलला नाही. त्यानं पुन्हा ओढलं. मग ट्रॅक्टर थांबवला, मेलेला पंजा दांड्याच्या टोकावर ठेवला आणि अंगठ्याकडे पाहत बसला. अंगठा बटणावर होता. बटण दबलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दाते झिजले होते म्हणून बटण दाबावंच लागत नव्हतं. कोपरानं हिसका दिला की खिटी दात्यांवरून घसरत जायची, आणि मागे आलेला दांडा तो मांडीनं रेटून धरायचा. दोन वर्षं तो असाच गावाचा चिखल करत होता. मी त्याच्या हाताला जमेल एवढी एकच वाट शोधून शोधून बंद केली होती, आणि वर चौकोनी दात्यांचं कौतुक सांगत बसलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त अवलक्षण माझं नव्हतं, त्याचं झालं.

दादा खाली उतरला. मी घाईघाईनं बोलू लागलो, सायकलच्या ब्रेकची तार टाकून बटण डावीकडे घेऊ, नाहीतर पायाशी नेऊ. तो म्हणाला, डावा हात स्टिअरिंगवर असतो, डावा पाय क्लचवर, आणि उजव्या पायाला ब्रेकच कसाबसा जमतो. त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावला असता तर मला सोसलं असतं. उलट त्यानं नव्या बुशावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "चांगला बसला आहे." मग धुऱ्याधुऱ्यानं एकटाच घराकडे चालू लागला.

सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा मी कानस काढली. दात्यांचे कोपरे मोडायला अर्धा तास पुरला असता. आयुष्यात पहिल्यांदा मी चांगलं केलेलं काम हातानं बिघडवणार होतो आणि त्याची मला जरासुद्धा लाज वाटत नव्हती. तेवढ्यात वहिनी सपरीत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आता ते घासू नका," त्या म्हणाल्या. "त्यायची मांडी पाहाल तं समजन. सारी रोवणीभर निळी-काळी राहे. रोज मी शेकून देत होती. एक दिवस दांडा निसटला, तं रोवणाऱ्या एका बाईच्या पायाच्या वीतभर मागं फाळ पडले. सांगू सांगू थकली, माझं नाई आयकत. तुमच्या हातचं काम मोडा म्हणून ते तुमाले कधी म्हननार नाईत, हे मले मालूम होतं."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. फोन केला तेव्हाही ठाऊक होतं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तो राग घेऊन मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या रडत होत्या. ज्या माणसाला त्यांनी शेकून शेकून पुन्हा उभं केलं, त्यालाच ट्रॅक्टरवरून उतरवायला त्यांना माझे हात वापरावे लागले होते. कानस माझ्या हातात होती. पाय जाईल ही भीती खरी होती आणि दादाचा पडलेला चेहराही खराच होता. मी कानस पिशवीत टाकली. वहिनींनी सांगितलं म्हणून टाकली, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण हात माझाच होता.

दादा आंघोळ करून आला. त्यानं दात्यांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो डोकं पुसत राहिला. दुपारी शेजारच्या गावचा एक ड्रायव्हर, यंदा चिखल करायला ठरवलेला, ट्रॅक्टर पाहायला आला. लिफ्ट नव्यासारखी आहे म्हणून तो फार खूश झाला. चिखल कधी करायचा, कोणाच्या बांधीत आधी जायचं, हे तो मग विहारासमोर जाऊन ओट्यावरच्या लोकांशीच ठरवू लागला. दादा तिथंच उभा होता. त्याला कोणी विचारलं नाही.

मी निघालो तेव्हा दादा फाट्यापर्यंत पोचवायला आला. पाय ओढत, हळूहळू, माझी पिशवी डाव्या हातात घेऊन. मी मागितली तरी दिली नाही. बस लांबून दिसली तेव्हा मी कसंबसं म्हटलं, दादा, माझं चुकलं. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि माझा उजवा हात आपल्या डाव्या हातात धरला. उलटसुलट करून पाहिला, बोटं एकेक करून मिटवली, उघडली.

"हात चांगला आहे तुझा," तो म्हणाला. "सांभाळून ठेव."