दहा मिनिटं मागितली, शाली मिळाल्या

चहा गार झाला तरी चालेल, पण माझ्या शहाणपणाची ही गत ऐकूनच उठा. बायको सांगेल त्याच्या आधी मीच सांगून टाकतो. ती फार तिखटमीठ लावते.

औरंगपुऱ्यात माझं दुकान आहे. माल एकाच कामाचा, सत्काराचा. शाली, फेटे, स्मृतिचिन्हं. कुणी निवृत्त होवो, निवडून येवो, नाहीतर कुणाचं पोरगं दहावी पास होवो, शाल आपलीच! मी स्वतः सातवी पास. बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. त्यातला पहिला धडा असा, की सत्काराला नको म्हणणारा माणूस मनातून हो म्हणत असतो. तोंडानं "अहो, कशाला, नको नको" आणि मान आधीच वाकलेली!

या धड्यानंच माझा घात केला.

झालं असं, की वैजापूरच्या साळवे मास्तरांचा मुलगा प्रकाश सहकुटुंब दुकानात आला. नवरा-बायको दोघंही डॉक्टर. चर्चच्या मिशनतर्फे आफ्रिकेतल्या एका खेड्यात दवाखाना चालवतात. सुट्टीवर आले होते आणि सुट्टी कसली, दवाखान्यासाठी मदत मागत गावोगाव फिरत होते. आज जालना, उद्या पैठण. बरोबर नऊ वर्षांची एस्तेर, गाडीत बसून बसून कंटाळलेली.

प्रकाशची बायको रूथ मुद्द्याचं बोलणारी. म्हणाली, "काका, आमच्या ऑपरेशन थिएटरची लाईट सारखी जाते. ऐन सिझेरियनमध्ये जाते. सोलर बॅटरीचा संच पाहिजे. तुमच्या ओळखीचे व्यापारी एकत्र करा, आम्ही फोटो दाखवतो. फक्त दहा मिनिटं द्या. रविवारी तीनच्या गाडीनं आम्हाला पुढं जायचंय."

"दहा मिनिटं काय घेऊन बसलीस पोरी? जाहीर सत्कार ठेवतो!"

"सत्कार नको काका."

मी गालात हसलो. म्हटलं, आली लायनीवर!

"खरंच नको," प्रकाश म्हणाला, "प्रत्येक गावात शालच मिळते. आमच्या बॅगा शालींनीच भरल्यात."

"आई," एस्तेरनं विचारलं, "आपल्या दवाखान्यात थंडी असते का?"

"नाही गं. घाम असतो."

सांगा, यापेक्षा स्पष्ट कसं बोलायचं माणसानं? पण ऐकेल तो मी कसला! दोनदा नको म्हणाले म्हणजे लई आवड दिसते, असा हिशोब केला आणि सुटलो. फोनवर फोन. "शेठ, रविवारी अकराला डॉक्टरांचा सत्कार. तुमच्यातर्फे एक शाल धरतो हं!" नाही कोण म्हणणार? शनिवारपर्यंत माझी दोन कपाटं रिकामी झाली. पुण्य आणि विक्री एकाच दिवशी. मी तर स्वतःवरच खूश!

शेजारच्या गल्लीत एक तळघरातला हॉल आहे. भरदुपारीही ट्यूबलाईट लावावी लागते असला. तो एकपर्यंत घेतला. अकराचा कार्यक्रम. प्रमुख पाहुणे आले बाराला. मग दीपप्रज्वलन. मग पाहुण्यांचा सत्कार. मग पाहुण्यांना आणणाऱ्याचा सत्कार. मग हॉल मिळवून देणाऱ्याचा. रूथ फोटोंचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली, नजर घड्याळावर. मी तिला लांबूनच हातानं खूण केली, झालंच, झालंच!

कसलं झालंच? सिमेंटवाले बाबूशेठ माईकवर चढले. वैद्यकीय सेवेबद्दल दोन शब्द म्हणाले आणि स्वतःच्या मूळव्याधीच्या ऑपरेशनवर घसरले. टाका न टाका वर्णन! मी चिठ्ठी पाठवली, 'आवरा'. त्यांनी ती वाचली, खिशात घातली आणि पथ्यपाण्याकडं वळले. बायको पुढच्या रांगेतून माझ्याकडं असं बघत होती, की मी खुर्चीत खाली खाली सरकत गेलो.

मग सुरू झाल्या शाली. एकेक व्यापारी यायचा, शाल घालायचा, फोटोसाठी थांबायचा. फोटो हलला की परत घालायचा. प्रकाशचा गळा दिसेना, रूथचे खांदे दिसेनात, एस्तेरचं तर फक्त नाक बाहेर राहिलं होतं.

एक वाजता वाजता माईक रूथच्या हातात आला. ती म्हणाली, "नमस्कार, आमचा दवाखाना..."

आणि फट्! सगळे दिवे गेले. पडदा काळा, माईक मुका. जिन्यावरून वॉचमनचा आवाज आला, "साब, टैम हो गया! ऊपर साखरपुडेवाले खडे हैं!"

"अरे भाई, पाच मिनिटं तरी लाव!" मी ओरडलो.

"पाँच मिनिट बोलके पिछली बार दो घंटे लिये तुम!"

खरंच घेतले होते. तीनची गाडी, उभं आयुष्य तिकडं घालवणारी ही माणसं, आणि त्यांची एकुलती एक संधी मी शालीत गुंडाळून टाकली होती. अंधार होता म्हणून बरं, माझं तोंड कुणाला दिसलं नाही.

जिना शोधायला लोकांनी मोबाईलचे टॉर्च लावले. तेवढ्यात रूथचा आवाज आला, माईकशिवाय.

"थांबा. टॉर्च असेच धरा. माझ्या हातांवर." तिनं दोन्ही हात पुढं केले. "एवढ्याच उजेडात आम्ही पोट उघडतो. आई टेबलावर असते, बाळ अजून आत असतं. आणि टॉर्च धरणारी नर्स चौदा तासांची उभी असते. तिचा हात हलतो. मला एवढंच सांगायचं होतं."

टॉर्च धरलेले आमचे हातही हलत होते. दहा मिनिटं मागितली होती बाईनं, तिला एकच पुरलं.

शेवटी बाबूशेठच बोलले. "संच आपण द्यायचा. पण आधी ह्या शाली दुकानदारानं परत घ्याव्यात अन् आमचे पैसे बॅटरीत घालावेत. काय शेठ?"

"शेठ, माझ्या दुकानात पाटी आहे," मी पुटपुटलो, "विकलेला माल..."

"पाटी मी आत्ताच जाऊन काढते!" बायकोचा आवाज.

टाळ्या पडल्या. दिवसभरातल्या पहिल्या खऱ्या टाळ्या, आणि त्या माझ्या पाटीला! बाकीचं जमलेल्यांनी तिथंच उभ्या उभ्या कबूल केलं. साखरपुड्याच्या लोकांनी आम्हाला ढकलत बाहेर काढलं, पण संच पक्का झाला.

स्टेशनवर शाली उतरवून घेताना प्रकाशनं एक मुद्दाम बाजूला काढली. "काका, ही तुम्हाला. आज तुमच्यामुळंच झालं."

"नको नको!" मी म्हणालो. अगदी देवाशप्पथ, मनापासून म्हणालो. पण फलाटावर कुणाचा विश्वास बसेना. बसणार कसा? मान मेली आपोआप वाकलेली!

शाल गळ्यात पडली. गाडी हलली, एस्तेर हात हलवत दिसेनाशी झाली आणि माझ्या मानेवर मुंग्या चालल्यासारखं व्हायला लागलं. तीस वर्षं हजारोंना घातली, स्वतःच्या अंगावर आज पहिल्यांदाच.

"अगं," मी हळूच बायकोला म्हटलं, "ही टोचते की!"

"व्हय?" ती म्हणाली. "मग इतकी वर्षं लोक तुम्हाला नको नको काय लाजून म्हणत होते?"